किरणोत्सर्ग आणि अमिनो आम्लांचे डावे-उजवेपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सजीवांची प्रथिने एकाच हाताच्या अमिनो आम्लांची का बनतात आणि त्यात किरणोत्सर्गाचा वाटा आहे का, या कोड्याबद्दल आमच्याकडे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे सोप्यापासून अवघडापर्यंत लावले आहेत. एखादे उत्तर दुसऱ्या उत्तरावर टेकत असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अमिनो आम्ल डावे किंवा उजवे असते म्हणजे नेमके काय?

अमिनो आम्लाच्या मधल्या कार्बनला चार गट जोडलेले असतात: अमिनो गट, आम्ल गट, हायड्रोजन आणि बाजूची साखळी. हे चारही वेगळे असले की त्यांची मांडणी दोन प्रकारे होऊ शकते. या दोन मांडण्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात, पण डाव्या-उजव्या चपलांसारख्या त्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. एका रूपाला एल आणि दुसऱ्याला डी म्हणतात. प्रथिनांच्या नेहमीच्या वीस अमिनो आम्लांपैकी ग्लायसिनमध्ये साखळीच्या जागीही हायड्रोजनच असतो, म्हणून त्याला डावे-उजवे नाही. उरलेल्या १९ ना आहे. आयसोल्युसिन आणि थ्रिओनिनमध्ये अशी दोन केंद्रे असल्यामुळे त्यांची प्रत्येकी चार रूपे संभवतात.

दोन्ही रूपे सारख्या प्रमाणात असलेल्या मिश्रणाला रेसेमिक म्हणतात. एक रूप किती जास्त आहे ते 'आधिक्य' सांगते: एल आणि डी यांमधला फरक भागिले दोघांची बेरीज, गुणिले १००. म्हणजे ५१ भाग एल आणि ४९ भाग डी असेल तर आधिक्य २ टक्के.

२. एल म्हणजे प्रकाश डावीकडे वळवणारे, बरोबर ना?

नाही. एल-अ‍ॅलॅनिन पाण्यात ध्रुवित प्रकाशाचे प्रतल किंचित उजवीकडे वळवते. एल आणि डी ही नावे अणूंच्या मांडणीवरून पडली आहेत. प्रकाश कुठे वळतो हे द्रावण, आम्लता आणि तरंगलांबी यांवरही ठरते. रसायनशास्त्रातली आर आणि एस ही तिसरी नावेपद्धत आहे. त्यात बहुतेक एल अमिनो आम्ले एस ठरतात, पण एल-सिस्टिन आर ठरते, कारण त्याच्या साखळीतला गंधक प्राधान्यक्रम उलटवतो. अहवाल वाचताना कोणती पद्धत वापरली आहे ते आधी पाहावे, नाहीतर निष्कर्षाचे चिन्हच उलटे वाचले जाते.

३. सजीवांत डी अमिनो आम्ले मुळीच नसतात का?

असतात. जीवाणूंच्या पेशीभित्तिकेत डी-अ‍ॅलॅनिन आणि डी-ग्लुटामिक आम्ल असते. आपल्या मेंदूत डी-सेरिन संदेशवहनात भाग घेते. काही बेडकांच्या त्वचेतल्या लहान पेप्टाइडांतही डी-अ‍ॅलॅनिन सापडते. पण रायबोसोमवर, म्हणजे पेशीतल्या प्रथिन जोडणाऱ्या यंत्रावर, प्रथिन घडते ते एल पासूनच. पेशी आधी एल घेते आणि मग ठरावीक विकरे वापरून त्याचे डी करते. म्हणून खरे कोडे प्रथिनयंत्रणेच्या एकजिनसीपणाचे आहे.

४. या कोड्यात किरणोत्सर्ग आला कुठून?

साध्या रासायनिक क्रियेत डावे आणि उजवे सारखेच तयार होतात. पक्षपात हवा असेल तर बाहेरून काहीतरी 'हाताचे' यावे लागते. १८४८ मध्ये लुई पाश्चर यांनी सोडियम अमोनियम टार्टरेटचे डावे आणि उजवे स्फटिक हाताने वेगळे केले, तेव्हापासून हा शोध सुरू आहे. १९५६ मध्ये ली आणि यांग यांनी सुचवले की दुर्बल आण्विक बल डावे-उजवे यांत भेद करत असावे. चिएन-शिउंग वू यांनी कोबाल्ट-६० चे अणुकेंद्रक निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळच्या तापमानाला चुंबकीय क्षेत्रात रांगेत लावून ते सिद्ध केले. बीटा क्षयातून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मुख्यतः डाव्या फिरकीचे असतात.

म्हणजे निसर्गात डावेपणा जन्मजातच असलेले किरण मिळाले. फ्रेडरिक व्हेस्टर आणि टिलो उल्ब्रिक्ट यांनी पुढच्याच काही वर्षांत साखळी मांडली: डाव्या फिरकीचे इलेक्ट्रॉन पदार्थात थांबताना वर्तुळ-ध्रुवित (म्हणजे ज्यांचे कंपन मळसूत्रासारखे एकाच बाजूला फिरत जाते असे) किरण सोडतील आणि ते किरण एका रूपाचे रेणू दुसऱ्यापेक्षा जास्त मोडतील. तिला व्हेस्टर–उल्ब्रिक्ट गृहीतक म्हणतात.

५. मग ते गृहीतक सिद्ध झाले का?

अमिनो आम्लांवर नाही, आणि त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. व्हेस्टर आणि उल्ब्रिक्ट यांच्या स्वतःच्या प्रयोगांत मोजता येईल असा फरक दिसला नाही. १९६८ मध्ये गाराय यांनी क्षारीय द्रावणातले डी आणि एल टायरोसिन स्ट्रॉन्शियम-९० सोबत १८ महिने ठेवून डी जास्त मोडल्याचे सांगितले, पण नंतर कोणाला ते पक्के करता आले नाही. १९७५ मध्ये स्टॅनफर्डमध्ये विल्यम बॉनर आणि सहकाऱ्यांनी १२० किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचे ध्रुवित इलेक्ट्रॉन रेसेमिक ल्युसिनवर सोडून फरक नोंदवला. १९७९ मध्ये दुसऱ्या गटाच्या पडताळणीत तो सापडला नाही.

अपयशाची कारणे तीन. एक, वेगवान इलेक्ट्रॉन पदार्थात शिरला की बहुतेक रासायनिक मोडतोड त्याने उडवलेले दुय्यम इलेक्ट्रॉन करतात आणि त्यांची फिरकी जवळजवळ यादृच्छिक असते. म्हणजे काम होते ते 'हात' हरवल्यानंतर. दोन, थांबताना निघणाऱ्या किरणांपैकी वर्तुळ-ध्रुवित असतात ते मुख्यतः वरच्या ऊर्जेचे. रेणू ज्या अतिनील टापूत डावे-उजवे ओळखतो तिथपर्यंत येईतो ध्रुवण संपलेले असते. तीन, इलेक्ट्रॉनची फिरकी आणि रेणूचा आकार यांना जोडणारा परिणाम जड अणूंत मोठा असतो आणि कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजनमध्ये फार लहान.

२०१४ मध्ये नेब्रास्का विद्यापीठात ड्रायलिंग आणि गे यांनी या तिन्ही अडचणी टाळल्या. त्यांनी अगदी कमी ऊर्जेचे ध्रुवित इलेक्ट्रॉन वायुरूप ब्रोमोकापरावर सोडले, म्हणजे जड ब्रोमीन असलेल्या रेणूवर, आणि इलेक्ट्रॉन चिकटून रेणू तुटण्यात दहा हजारांत सुमारे तीन इतका फरक मोजला. तत्त्व खरे आहे, हे यातून ठरले. पण ब्रोमोकापूर म्हणजे अ‍ॅलॅनिन नव्हे.

६. किरणोत्सर्गाने डावे-उजवेपण तयार होते की नष्ट होते?

दोन्ही होते, पण नष्ट फार वेगाने होते. या विषयातले जवळजवळ प्रत्येक गणित इथे येऊन थांबते.

गॅमा किरण अमिनो आम्लावर पडले की काही रेणू कायमचे मोडतात. काहींच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन उडतो, उरलेला तुकडा (मूलक) सपाट होतो आणि हायड्रोजन पुन्हा जोडला जाताना कोणत्याही बाजूने येतो. एल चे डी होते ते असे. याला किरणजन्य रेसेमीकरण म्हणतात. बॉनर, लेमन आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात कोबाल्ट-६० वापरून ते अनेक अमिनो आम्लांवर मोजले. किरणांनी एका बाजूला शतांश टक्का फरक कमावला आणि त्याच मात्रेने काही टक्के मिश्रण केले, तर हाती काही उरत नाही. म्हणून कोणत्याही दाव्याला हे विचारा: निवडीचा वेग मिसळण्याच्या वेगापेक्षा जास्त आहे का, आणि किती मात्रेपर्यंत?

अशनींच्या बाबतीत मात्र चित्र तितके निराशाजनक नाही. सूर्यमालेच्या ४.६ अब्ज वर्षांत लघुग्रहाच्या आतल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांनी दिलेली मात्रा सुमारे १४ मेगाग्रे धरली जाते (ग्रे हे शोषलेल्या किरणमात्रेचे एकक, मेगाग्रे म्हणजे दहा लाख ग्रे). प्रयोगशाळेत काही मेगाग्रे गॅमा मात्रेनंतरही बरीचशी अमिनो आम्ले शिल्लक राहतात आणि त्यांचे आधिक्यही पूर्ण पुसले जात नाही.

७. वर्तुळ-ध्रुवित अतिनील प्रकाश जास्त चांगला का मानला जातो?

कारण त्याची ऊर्जा रेणूच्या स्वतःच्या शोषणाशी जुळते. डावे आणि उजवे रूप हा प्रकाश किंचित वेगळ्या प्रमाणात शोषतात. त्या फरकाला त्यांच्या सरासरी शोषणाने भागले की 'ग' ही संख्या मिळते. अमिनो आम्लांसाठी ती साधारण ०.०२ च्या आसपास असते. एका रूपाचे जास्त रेणू मोडले की उरलेल्यात दुसरे जास्त राहते. मोडलेला अंश 'क्ष' असेल, तर उरलेल्यातले आधिक्य साधारण असे येते: १ वजा (१ − क्ष) चा ग/२ वा घात.

ग = ०.०२ धरून पाहा. ९० टक्के पदार्थ मोडला तर आधिक्य सुमारे २.३ टक्के. ९९ टक्के मोडला तर ४.५ टक्के. ९९.९९ टक्के मोडला तरी ८.८ टक्केच. म्हणजे मोठे आधिक्य हवे तर जवळजवळ सगळा माल गमवावा लागतो. १९७७ मध्ये फ्लोरेस, बॉनर आणि मॅसी यांनी २१२.८ नॅनोमीटरच्या लेझरने रेसेमिक ल्युसिन मोडले. ५९ टक्के मोडल्यावर सुमारे २ टक्के आणि, विरुद्ध ध्रुवणाने, ७५ टक्के मोडल्यावर २.५ टक्के आधिक्य मिळाले, चिन्ह विरुद्ध. चिन्ह उलटणे हाच इथला खरा पुरावा आहे.

प्रकाशाने मोडण्याऐवजी घडवताही येते. २०११ मध्ये फ्रान्समधल्या सोलेय सिंक्रोट्रॉनवर पाणी, मेथॅनॉल आणि अमोनिया यांच्या बर्फावर असा प्रकाश सोडून तयार झालेल्या अ‍ॅलॅनिनमध्ये १.३४ टक्के आधिक्य मोजले गेले. कार्बन मुद्दाम कार्बन-१३ वापरला होता, म्हणजे हाताला चिकटून आलेले साधे अ‍ॅलॅनिन मोजणीत मिसळणार नाही.

८. सूर्यप्रकाशही थोडा वर्तुळ-ध्रुवित असतो. मग तोच पुरेसा नाही का?

नाही. संधिप्रकाशातले हे ध्रुवण अत्यल्प असते आणि सकाळी-संध्याकाळी त्याचे चिन्ह उलटे असते, म्हणून दिवसाच्या हिशेबात ते जवळजवळ फिटते.

त्याहून मूलभूत अडचण आहे कून–काँडन नियमाची. पूर्ण वर्णपटावर बेरीज केली तर डाव्या-उजव्या शोषणातला फरक शून्य होतो. एका पट्ट्यात एल जास्त शोषले जात असेल तर दुसऱ्यात डी. त्यामुळे रुंद पट्ट्याच्या प्रकाशात परिणाम एकमेकांना खातात. एखादा पट्टा गाळला गेला, उदाहरणार्थ धुळीने किंवा बर्फाने, तरच बाकी उरते. प्रयोग करणाऱ्यांनीही तरंगलांबी निवडण्याआधी नमुन्याचा 'ग' वर्णपट काढावा. शून्य ओलांडण्याच्या जागेजवळ दिवा लावला तर कितीही तास चालवून काही मिळणार नाही.

९. असा प्रकाश अवकाशात खरोखर दिसला आहे का?

हो. १९९८ मध्ये मृग तारकासमूहातल्या ओरायन तेजोमेघात, तारे जन्मतात त्या भागात, अवरक्त प्रकाशात १७ टक्क्यांपर्यंत वर्तुळ-ध्रुवण मोजल्याचे प्रसिद्ध झाले. ध्रुवित भाग आपल्या सूर्यमालेपेक्षा कितीतरी मोठे आहेत, त्यामुळे एक संपूर्ण घडती ग्रहमाला एकाच चिन्हाच्या प्रकाशात न्हाऊ शकते. पण मोजणी अवरक्तातली आहे. अमिनो आम्लांना लागतो अतिनील, आणि तो आपल्यापर्यंत पोचण्याआधी धूळ गिळते. अतिनीलातही तसेच असेल, हा गणिताने काढलेला अंदाज आहे.

१०. अशनींमध्ये काय सापडले?

२८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात मर्चिसन अशनी पडला. १९९७ मध्ये क्रोनिन आणि पिझारेलो यांनी त्यातल्या अल्फा-मिथिल (मधल्या कार्बनवर हायड्रोजनऐवजी मिथिल गट असलेल्या) अमिनो आम्लांत सुमारे ३ ते ९ टक्के एल-आधिक्य दाखवले. त्यांत महत्त्वाचे आहे आयसोव्हॅलिन: ते पृथ्वीवरच्या सजीवांत फार विरळ आहे, म्हणून प्रदूषणाचा संशय कमी होतो. मधल्या कार्बनवर हायड्रोजनच नसल्यामुळे ते पाण्यात सहज रेसेमिकही होत नाही. २००९ मध्ये ग्लेव्हिन आणि ड्वर्किन यांनी मर्चिसनमध्ये आयसोव्हॅलिनचे १८ टक्क्यांपर्यंत आधिक्य नोंदवले आणि ज्या अशनींवर पाण्याचा परिणाम जास्त झाला होता त्यांत ते जास्त असल्याचे दाखवले. म्हणजे प्रकाशाने दिलेला छोटा कल पुढे पाण्यातल्या क्रियांनी वाढवला असावा, असे चित्र तयार झाले.

ते आता डळमळले आहे. जपानच्या हायाबुसा-२ यानाने डिसेंबर २०२० मध्ये आणलेल्या रयुगू लघुग्रहाच्या ५.४ ग्रॅम नमुन्यात आणि अमेरिकेच्या ओसायरिस-रेक्स यानाने २४ सप्टेंबर २०२३ रोजी आणलेल्या बेन्नू लघुग्रहाच्या १२१.६ ग्रॅममधून तपासलेल्या भागात अमिनो आम्ले रेसेमिक किंवा जवळपास तशीच निघाली. बेन्नूत प्रथिनांच्या २० पैकी १४ सापडली, आयसोव्हॅलिनही सापडले, पण एल चा कल नाही. आणि बेन्नूवर पाण्याचा परिणाम भरपूर झालेला आहे. हे नमुने पृथ्वीच्या मातीला न लागता आले, म्हणून त्यांचे वजन जास्त. आमच्या मते 'अशनींनी एल आणून दिले' हे वाक्य यापुढे ठामपणे लिहू नये.

११. आयसोव्हॅलिन रेसेमिक होत नाही असे म्हणता, मग त्याचे आधिक्य म्हणजे मूळचीच खूण ना?

पाण्यातल्या नेहमीच्या मार्गाने होत नाही, इतकेच खरे. बॉनर यांच्याच गटाने १९७९ मध्ये दाखवले की गॅमा किरणांनी आयसोव्हॅलिनही रेसेमिक होते. किरणांना बंध तोडायला हायड्रोजनच हवा असे नाही. त्यामुळे आज मोजलेले आधिक्य मूळ आधिक्यापेक्षा कमी असू शकते, आणि मागे जाऊन हिशेब करायचा तर प्र. ६ मधली एकूण मात्रा धरावी लागते.

१२. दुर्बल बलामुळे एल ची ऊर्जाच थोडी कमी असते म्हणे. मग किरणांची गरजच काय?

तो फरक उष्णतेच्या ऊर्जेच्या सुमारे दहाच्या उणे १७ व्या घाताइतका येतो. एका मोलमध्ये ६ वर २३ शून्ये इतके रेणू धरले तर यातून काही दशलक्ष रेणूंचा कल मिळेल. पण निव्वळ योगायोगाने होणारा चढउतार एकूण संख्येच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे ८०० अब्ज रेणूंचा असतो. कल त्या गोंधळात बुडून जातो. शिवाय कोणते रूप खालच्या ऊर्जेचे, याचे उत्तर गणनेच्या पद्धतीनुसार आणि रेणूच्या आकारानुसार बदलत आले आहे.

१३. दोन-चार टक्क्यांवरून शंभर टक्के कसे होतात?

त्यासाठी वाढवणारी यंत्रणा लागते. १९५३ मध्ये फ्रँक यांनी गणिती नमुना दिला: रेणू स्वतःची प्रत काढतो आणि विरुद्ध रूपाला अडवतो. १९९५ मध्ये सोआई यांनी तशी प्रत्यक्ष क्रिया शोधली. पण तिला जस्ताची सेंद्रिय संयुगे आणि कोरडा द्रावक लागतो, आदिम डबक्यात ते शक्य नाही. अमिनो आम्लांना जवळचा मार्ग विद्राव्यतेचा आहे. सेरिनचा घन आणि पाणी समतोलात असताना घनात १ टक्का आधिक्य असले तरी द्रावणात ते ९९ टक्क्यांच्या वर जाऊ शकते, कारण रेसेमिक स्फटिक कमी विरघळतो. सगळ्या अमिनो आम्लांत हे चालत नाही. प्रत्येकाचा समतोल बिंदू वेगळा असतो.

१४. म्यूऑन आणि चुंबकीय खडकांच्या नव्या कल्पना काय आहेत?

विश्वकिरणांतून तयार होणारे म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखे, पण बरेच जड कण) समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरला दर मिनिटाला सुमारे एक या दराने पडतात, खोलवर जातात आणि दुर्बल क्षयातून जन्मल्यामुळे ध्रुवित असतात. २०२० मध्ये ग्लोबस आणि ब्लँडफर्ड यांनी मांडले की सुरुवातीच्या, प्रत काढणाऱ्या सर्पिल रेणूंमध्ये यामुळे दोन हातांच्या उत्परिवर्तनाचा दर किंचित वेगळा पडेल आणि असंख्य पिढ्यांत एक हात जिंकेल. इथे किरण काम करतात ते आदिम जीवनावर, सुट्या अमिनो आम्लांवर नव्हे.

दुसरी कल्पना इलेक्ट्रॉनच्या फिरकीची. चुंबकित मॅग्नेटाइटवर अतिनील प्रकाश पडला की फिरकी-ध्रुवित, कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन निघतात. २००८ मध्ये रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी चुंबकीय पृष्ठभागातून असे इलेक्ट्रॉन काढून ब्युटॅनॉलच्या क्रियेचा दर सुमारे १० टक्क्यांनी बदलल्याचे दाखवले. २०२३ मध्ये ओझटुर्क आणि सॅसेलोव्ह यांच्या गटाने मॅग्नेटाइटवर आरएनएच्या एका पूर्वरूपाचे स्फटिक एकाच हाताचे मिळवले. अडचण ही की चुंबकीय क्षेत्राची दिशा उत्तर आणि दक्षिण गोलार्धात उलटी, म्हणून उत्तर जागेवर अवलंबून राहते. तरी कमी ऊर्जा आणि पृष्ठभाग, ही दिशा आम्हाला जास्त आशादायक वाटते.

१५. लासलगावला कांद्यावर गॅमा किरण सोडतात. त्यातली अमिनो आम्ले उलटी होतात का? आणि एक्स-रे काढल्यावर आपली?

नाही. लासलगावच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या कृषक केंद्रात कोबाल्ट-६० वापरतात. कोंब येऊ नये म्हणून कांद्याला लागणारी मात्रा शंभर ग्रेच्या आत असते आणि अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला किमान ४०० ग्रे. मोजता येईल असे रेसेमीकरण व्हायला लाखो ग्रे लागतात. छातीच्या एक्स-रेची मात्रा तर एका ग्रेच्या दहा हजाराव्या भागाइतकी किंवा त्याहून कमी. अन्नात डी रूपे वाढतात ती जास्त तापवल्याने, क्षाराने किंवा आंबवल्याने.

१६. प्रयोगशाळेत आधिक्य मोजताना कुठे फसायला होते?

सगळ्यात जास्त हाताच्या ठशात. बोटांवरून एल-सेरिन आणि ग्लायसिन येते. नमुन्यात एल-सेरिन अचानक वाढलेले दिसले तर आधी स्वतःवर संशय घ्यावा. काचसामान ५०० अंश सेल्सिअसला काही तास भाजून घ्यावे आणि तसेच भाजलेले क्वार्ट्झ चूर्ण नमुन्यासोबत प्रत्येक पायरीतून न्यावे.

अशनीसाठी चालत आलेली पद्धत अशी: चूर्ण बंद नळीत १०० अंशाला २४ तास पाण्यात, मग ६ मोलरच्या हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेत १५० अंशाला ३ तास. या आम्लप्रक्रियेतही थोडे रेसेमीकरण होते, म्हणून शुद्ध एल चा नमुना सोबत चालवून ते वजा करावे. नंतर हाताचा अभिकर्मक जोडून द्रवरूप वर्णलेखन किंवा किरॅल (डावे-उजवे वेगळे करणाऱ्या) स्तंभावर वायुरूप वर्णलेखन, वस्तुमान वर्णमापीसह. एल शिखराखाली दुसरा पदार्थ लपला असेल तर खोटे आधिक्य दिसते. उपाय: अभिकर्मक किंवा स्तंभ उलट हाताचा वापरून क्रम उलटवा. आधिक्य तसेच राहिले तरच ते खरे.

किरणांच्या प्रयोगात रेसेमिक नमुन्याने सुरुवात करावी आणि दोन्ही ध्रुवणे व शून्य ध्रुवण असे तीन समान संच ठेवावेत. किती पदार्थ मोडला ते प्रत्येक संचात नोंदवावे. २०० नॅनोमीटरच्या खाली हवेतला ऑक्सिजन प्रकाश शोषतो, म्हणून प्रकाशाच्या मार्गात नायट्रोजन भरावा किंवा तो मार्ग निर्वात ठेवावा. डाव्या आणि उजव्या ध्रुवणाला सारख्याच दिशेचे आधिक्य आले, तर ते किरणांचे नाही.

१७. टॅगिश लेक अशनीत अ‍ॅस्पार्टिक आम्लाचे एल-आधिक्य ४० टक्क्यांच्या वर निघाले. ते प्रदूषण नाही का?

शंका रास्त आहे, पण कार्बन-१३ चे प्रमाण पृथ्वीवरच्या जैविक द्रव्यापेक्षा बरेच वरचे निघाले आणि त्याच अशनीतले अ‍ॅलॅनिन जवळजवळ रेसेमिक होते. प्रदूषण असते तर अ‍ॅलॅनिनही एलकडे झुकले असते. इतके मोठे आधिक्य एकट्या प्रकाशाने येणे प्र. ७ च्या हिशेबात बसत नाही. अ‍ॅस्पार्टिक आम्लाचे डावे आणि उजवे स्फटिक वेगवेगळे बनू शकतात, अ‍ॅलॅनिनचे मात्र दोन्ही हात एकाच स्फटिकात मिसळतात. फरक का पडला, याचे स्पष्टीकरण सध्या पाण्यातल्या स्फटिकीकरणात शोधले जाते.

१८. मंगळावर एल-आधिक्य मिळाले तर ते जीवनाचे लक्षण मानायचे का?

फक्त एका अमिनो आम्लावरून नाही. प्र. १७ मधला अशनी निर्जीव असून ४० टक्के ओलांडतो. उलट, रेसेमिक निघाले म्हणूनही जीवन नव्हते असे होत नाही: मंगळाच्या पृष्ठभागाजवळ विश्वकिरण सतत आदळतात आणि जुने जैविक आधिक्य प्र. ६ मधल्या मार्गाने झिजते. म्हणून नमुना दोन मीटर खोलीवरून काढायचे ठरले आहे. युरोपच्या रोझालिंड फ्रँकलिन या मंगळ रोव्हरचे छिद्रण यंत्र तेवढ्यासाठीच आहे, आणि त्यातल्या उपकरणात किरॅल स्तंभ बसवले आहेत. बरीच वेगवेगळी अमिनो आम्ले एकाच हाताची, मोठ्या आधिक्याची, आयसोव्हॅलिनसारखी निर्जीव रसायनात मुबलक असलेली आम्ले जवळजवळ गैरहजर, आणि कार्बनची समस्थानिके त्याला जुळणारी: इतके सगळे एकत्र दिसले तर दावा ऐकण्याजोगा.